उंबऱ्याची होडी

उद्या तुमच्या होडीला गिऱ्हाईक येणार आहे. भाऊजींनी सकाळी दारात उभं राहून तेवढं सांगितलं आणि मान खाली घालून निघून गेले. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. पुरुषमाणसांपुढं मला शब्द सुचत नाहीत हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, वेडंवाकडं होईल. पण तुमच्याशी बोलायची सवय मोडत नाही, आणि उद्या काय सांगायचं ते मला आजच ठरवायला हवं.

भाऊजींचं काही चुकत नाही. तुमचे धाकटे भाऊ, गावासारखेच तुम्हाला आबा म्हणणारे. तुमच्या धाकानं इंजिन शिकले, पण जीव त्यांचा ट्रकमध्ये. साखर कारखान्यावर कुणी तरी त्यांना ड्रायव्हर म्हणून घ्यायला तयार आहे. मला म्हणाले, "वैनी, आबा हुते तवर ठीक हुतं. आता ही लाकडं कुनी सांभाळायची?" गिऱ्हाईक नेवाशाकडचं आहे. होडी ट्रकात घालून घेऊन जाणार. मग गाव बुडाल्यावर वसवलेली आपली नवी वाडी पुन्हा पहिल्यासारखी होईल. समोर राहुरीकडची बाजू दिसते, आणि पोचायचं तर धरणाच्या पाण्याला वळसा घालून अख्खा दिवस चालायचं. बाळंतीण असो की तापानं फणफणलेलं पोर असो. पाणी आलं तेव्हा पहिले पावसाळे आपण तसेच काढले. म्हणूनच तर तुमच्या डोक्यात इंजिनाची होडी शिरली.

तुम्ही बैल घ्यायला कधी मला नेलं नाही. बैल बघणं हे पुरुषांचं काम. बाईनं तो दारात आल्यावर पायावर पाणी घालायचं आणि कुंकू लावायचं. होडी बघायला निघताना मात्र तुम्ही म्हणालात, "लुगडं बदल. तुला यायचंय." पारावरची माणसं हसली. "आबा, होडी घ्यायला मालकीण कशाला? बुडली तर रडायला व्हय?" तुम्ही म्हणालात, "बैल बघायला मी पुरे. हिच्यात बसायचंय बायकांना." मी पदर ओढून घेतला आणि तुमच्या मागं चालू लागले. पाथर्डीकडच्या कोरड्या रानातली मी. माहेरी पाणी बघितलं ते विहिरीच्या तळाशी, तेसुद्धा वाकून. मला होडीतलं काय कळणार, हा विचार एसटीत बसेपर्यंत मनात होता.

पहिली होडी धरणाच्या कामावरची. काम संपलं म्हणून कंत्राटदार विकत होता. लोखंडी, हिरव्यागार रंगाची, वर पत्र्याचं छप्पर. पाण्यातच उभी होती. काठ इतका खाली की लुगडं न आवरता मी आत पाय टाकला आणि सावलीत बसले. कंत्राटदाराच्या मुकादमानं हँडल मारलं, इंजिन पहिल्या फटक्याला चालू. "बघा आबा, मालकीणबाई कशा बसल्यात. झोपाळ्यावर बसल्यावानी!"

तुम्ही बैल बघता तसंच सगळं केलं. चहूबाजूंनी फिरलात, बगलेवर थाप मारलीत, कान देऊन आवाज ऐकलात. मग तुमचा नेहमीचा प्रश्न. तुमच्या वडिलांपासून घरात चालत आलेला. "खोड काय हाय ती आधी सांगा."

"खोड?" मुकादम हसला. "नव्या नवरीला कुनी खोड इचारतं का?"

"नवी कुठली? आख्खं धरन हिच्या जिवावर बांधलं तुमी."

त्यानं चहा मागवला. तो पाठमोरा झाला तेव्हा तुम्ही आतल्या बाजूचा रंग नखानं खरवडलात. मला दिसलं. रंगाखालून गंज निघाला, भाजलेल्या पापडासारखा. तुम्ही नख धोतराला पुसलंत आणि निवांत चहा प्यायलात.

एसटीत तुम्ही विचारलंत, "कशी वाटली?"

"चांगली हाय. चढायला सोपी हाय. वर सावली हाय."

"बाजाराच्या दिवशी बैलाच्या शिंगाला तेल लावत्यात, ठावं हाय न्हवं?"

"शिंगाला तेल लावलं म्हनून बैल लंगडा हुतो व्हय?"

माझा आवाज चढला असावा. कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि तुम्ही गालातल्या गालात हसत राहिलात. आपलं होडीवरचं भांडण तिथं सुरू झालं. ते मिटलेलं नाही. मी अजूनही म्हणते, गंज खरवडता आला असता.

दुसरी होडी भंडारदऱ्याकडं. संगमनेर, अकोले, राजूर करत गाड्या बदलत गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांची लाँच, इंग्रजांच्या काळात केलेली. सागवानी, लांबट, टोकदार नाकाची, आणि चाक पितळेचं. कित्येक वर्षं पाण्यात उतरली नव्हती. पडवीत ठोकळ्यांवर ठेवलेली, आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तुम्ही पितळी चाकाला हात लावलात आणि कोंबडी तुमच्या अंगावर धावून आली. म्हातारे म्हणाले, "पहिली मालकीण ती. तिला विचारा."

मग तुम्ही खोड विचारलीत, आणि त्या माणसानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मागं जात नाही. पुढं नेता येईल, मागं घ्यायची तर काठीनं रेटा. थंडीत हँडल मारताना खांदा निखळेल. डाव्या बाजूची एक फळी बदललेली आहे, ती जुन्याशी अजून जुळलेली नाही. आणि काठ उंच आहे." शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बायका शिव्या देतील."

तुम्ही इतके खूश झालात! "मागं तर आमचा बैल बी जात न्हाई," म्हणालात. खोड सांगणाऱ्याचं जनावर घ्यावं, हे तुमच्या वडिलांचं दुसरं वाक्य. तुमचं तिथंच ठरलं होतं.

चार माणसांनी होडी पाण्यात लोटली आणि फळ्याफळ्यांतून पाणी आत यायला लागलं. कोंबडीखालचं गवत तरंगून वर आलं. तुमचा चेहरा उतरला. हळूच मला म्हणालात, "गोठ्यात बांधून ठिवलेलं जनावर. पायातनं गेलं." तुम्ही निघायच्या बेतात होता. मला गप्प राहायचं होतं. मी गप्प राहिले असते तर हिरवी, सावलीची, खालच्या काठाची होडी आपल्या दारात आली असती. पण समोर जे घडत होतं ते मला रोजचं होतं. मी तुमच्या पाठीमागून म्हणाले, "काठवट."

"काय?"

"उन्हाळ्यात काठवट कोरडी पडली की चिरा पडत्यात. पीठ मळाया घेतलं की पानी गळतं. भिजत घातली की मिटती."

म्हाताऱ्यांनी ऐकलं. "बाई बरोबर सांगतात. बुडवून ठेवू या. आठवड्यानं या."

आठवड्यानं गेलो तेव्हा लाकूड फुगून फळीला फळी भिडली होती. तुम्ही आत उतरलात, तळ चाचपलात आणि कोरडा तळवा मला दाखवलात. पुढं गावभर सांगत फिरलात, "होडी आमच्या हिनं घेतली. काठवटीनं घेतली." आणि मी दर वेळी सांगायची, "मी काठवटीचं तेवढं बोलले. मला लोखंडी पायजे हुती." तुम्ही ते कुणाला ऐकू द्यायचा नाहीत.

ट्रकातून धरणावर आलेली होडी वाडीच्या काठाला लागली तेव्हा मी ताट घेऊन गेले. बायका विचारात पडल्या. बैलाच्या पायावर पाणी घालतात. हिचे पाय कुठं आहेत? शेवटी मी नाकाडावर पाणी घातलं आणि कुंकू लावलं. तुम्ही टोपी काढून उभे होता. बैल आल्यावरसुद्धा तुम्ही टोपी काढत नसायचा.

आणि मग म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. बायकांनी शिव्या दिल्या. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, आणि काठ कमरेएवढा. एकीला वर ओढायचं तर दोघी लागायच्या. मी तुम्हाला काही बोलले नाही. भाकरी वाढताना नुसती पाहायची. ते तुम्हाला बोलण्याहून जास्त लागायचं.

एक दिवस तुम्ही मागच्या छपरातून आपल्या जुन्या घराचा उंबरा काढलात. पाणी येण्याआधी सगळ्यांनी घरांची लाकडं काढून आणली होती, तेव्हा दारं-वासे आले तसा तोही आला होता. सागाचा, मधे रोजच्या पुसण्या-पूजण्यानं झिजलेला. तुम्ही तो होडीच्या बाहेरून पायरी म्हणून ठोकलात आणि बायकांना म्हणालात, "चढा आता राणीवानी."

एकही बाई चढेना.

तुम्हाला कळेना काय झालं. उंबऱ्यावर पाय देतात होय कुणी? ज्या लाकडाला रोज सकाळी हळदकुंकू वाहिलं, ज्याच्यावर पोरं बसली तरी आम्ही ओरडायचो, त्याच्यावर चपलेसकट पाय? बायका वाकून उंबऱ्याला हात लावायच्या, हात कपाळाला लावायच्या आणि मग त्याच्या वरून टांग टाकायला बघायच्या. म्हणजे आधीपेक्षाही कठीण. एक म्हातारी तर पाण्यातच बसली.

तुम्ही चिडलात. "घर ऱ्हायलं न्हाई, मग उंबरा कशाचा? लाकूड हाय ते!"

म्हातारी पाण्यात बसल्या बसल्या म्हणाली, "घर पान्यात असलं म्हनून काय झालं रं?"

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही, आणि पुढंही काही दिवस नाही. लग्न करून आले तेव्हा माप ओलांडून मी त्याच उंबऱ्यावरून आत आले होते. तुम्हाला हे सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटत होतं.

तुम्ही काही कबूल केलं नाही. एका सकाळी मी धुणं घेऊन गेले तर पायरी बाभळीची झाली होती, ओबडधोबड, नवी. आणि उंबरा वर, होडीच्या काठावर, जिथून आत पाय टाकायचा तिथं आडवा बसवलेला. खाली बाभळीवर पाय द्यायचा, वर उंबरा ओलांडायचा आणि आत जायचं. घरात जातात तसं. तुम्ही पाठ करून इंजिन पुसत होता. मी उंबऱ्याला हात लावला, ओलांडला, आत बसले. तुम्ही वळून पाहिलं नाही. तेव्हापासून बायका रोज तो उंबरा शिवून चढतात. कुणी जाता जाता हळदीचं बोट लावतं. मला तुम्हाला सांगायचं होतं की त्या सकाळी मला पहिल्यांदा नवी वाडी आपली वाटली. सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

मग दुष्काळ पडला. पाणी खाली खाली गेलं आणि होडी गाळावर बसली. तुम्ही दुरून घागरी आणून पोत्यांवर ओतायचा आणि ओली पोती होडीवर घालायचा. लोक म्हणाले, "मान्साला प्यायला न्हाई अन् आबा होडीला पानी पाजतोय." तुम्ही म्हणायचा, "गढूळ हाय, तसलं कोन पितंय? आन् ही काठवट वाळली तर पुन्हा भिजवाया पानी कुठनं आनू?" त्याच दिवसांत आपलं जुनं गाव गाळातून वर आलं. आपण दोघं चालत गेलो. भिंती विरघळून गेल्या होत्या, दाराची जागा तेवढी ओळखू आली. उंबऱ्याच्या ठिकाणी नुसती खाच. तुम्ही त्या खाचेपाशी थांबलात, पायातल्या वहाणा काढल्यात आणि मग आत गेलात. मी पाहिलं.

पुन्हा पाणी भरलं त्या वर्षीची एक दुपार मला नेहमी आठवते. बाजारच्या बायकांना पलीकडं सोडून आपण दोघंच परत येत होतो. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "धर चाक."

"मी न्हाई."

"त्या वडाचा शेंडा दिसतो न्हवं? पान्याच्या वर आलेला? त्याच्यावर नजर ठेव. बाकी काय बघू नको." आणि तुम्ही मागं जाऊन फळीवर आडवे झालात, तोंडावर पटका ओढलात आणि घोरायला लागलात. मी घामाघूम. हाक कशी मारू? नाव घेता येत नाही. घरी असते तर पायाचा अंगठा हलवून उठवलं असतं, नेहमीसारखं; पण चाक सोडून मागं कशी जाऊ? मी डोळ्यांची पापणी न हलवता त्या शेंड्याकडं बघत राहिले. तो जवळ येत गेला. वाडीच्या काठाशी होडी आल्यावर तुम्ही आळस देत उठलात. "आलो का?" म्हणालात. मी म्हणाले, "सोंग करत हुता." तुम्ही म्हणालात, "छ्या, डोळा लागला." त्यानंतर कितीदा तरी तुम्ही मला चाक दिलंत आणि कितीदा तरी झोपलात. खरं काय ते कधी सांगितलं नाहीत.

म्हणूनच त्या दिवशी दुपारी तुम्ही बाजेवर पडून होता, तोंडावर पटका, तेव्हा मी भाकरी झाकून ठेवली आणि मनात म्हटलं, चाललंय सोंग. बऱ्याच वेळानं येऊन अंगठा हलवला. तो माझ्या बोटांत तसाच राहिला. आवळला नाही, ओढून घेतला नाही.

इथं थांबते. भाऊजींची चाहूल आली.

दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. गिऱ्हाईक येऊन गेलं.

भाऊजी त्यांना पलीकडच्या काठावरून होडीतच घेऊन आले. आधी मी दाराआड उभी होते. मनात मी ठरवलं होतं, होडीच्या सगळ्या खोडी सांगायच्या. तुमच्या घरची रीतही राहील आणि ऐकून माणूस आपणहून परत जाईल. पाव्हणा तुमच्याच वयाचा, पटका बांधलेला, उन्हानं रापलेला. तो होडीभोवती फिरला आणि त्यानं बगलेवर थाप मारली. अगदी तशीच.

मी पदर घेतला आणि बाहेर आले. भाऊजी बघतच राहिले. मी खाली बघून सांगत गेले: मागं जात नाही, थंडीत हँडल अवघड, डाव्या अंगाची फळी जुळत नाही, काठ उंच आहे, कोरडी पडली की गळते. पाव्हणा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला. भाऊजींना म्हणाला, "खोड सांगनाऱ्याचंच जनावर घ्यावं, दादा. ठरलं आपलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्यात तो विचार तुमच्या एकट्या घरचा कसा असेल?

मग मला विचारावंच लागलं. "तुमाला कशाला पायजे होडी?"

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "आमच्याकडं गोदावरीवर धरन हुतंय, बाई. आमचं गाव जानार. नवी वस्ती पल्याड दिलीय."

आता काय बोलायचं? तो कुणी व्यापारी असता तर सोपं होतं. समोर तुम्हीच उभे होता, पाणी येण्याआधीचे. देऊन टाकावी असंही एकदा मनात आलं. तेवढ्यात काठावर बाजाराच्या पाट्या घेऊन आपल्या बायका उभ्या दिसल्या. पाण्यात बसलेली ती म्हातारीही होती.

"होडी द्यायची न्हाई," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की माझं मलाच नवल वाटलं. "पर होडी कशी बघायची ते सांगते."

पाव्हणा रागावला नाही. खाली उकिडवा बसला आणि मी उभ्या उभ्या सांगितलं. नवा रंग दिसला की आतून नखानं खरवडा. लाकडी असेल आणि गळली तर लगेच परतू नका, आठवडाभर भिजत घाला. खोड विचारा. "आन् मालकीणबाईंना आनलं न्हाई?"

तो हसला. "तिला काय कळतंय त्यातलं?"

"बसायचं त्यांना हाय. त्यांना आधी चढू द्या. त्या चढत्याल त्याच होडीचा इचार करा." आणि मग म्हणाले, "घर सोडाल तवा उंबरा काढून आना. पायरीला ठोकू नका तेवढं."

काठावरच्या बायका हसल्या. म्हातारी म्हणाली, "त्याला पान्यात बसवीन म्हनावं!"

पाव्हण्यानं जाताना होडीवरच्या उंबऱ्याला हात लावला आणि हात कपाळाला नेला.

भाऊजी माझ्यावर रुसले होते. "मीच आनलं, आता तुमीच सोडा पाव्हन्याला," म्हणाले आणि हँडल मारून मागं जाऊन फळीवर आडवे झाले, तोंडावर टॉवेल. पाव्हणा पुढं बसला, बायका मधे. मी चाक धरलं. जाताना समोर वड नव्हता. पलीकडच्या काठावरचं एक खोपट धरून मी गेले. पोचवलं सगळ्यांना. येताना होडीत आम्ही दोघंच, आणि समोर तो शेंडा. आपण यायचो तसं.

पाण्याच्या मधोमध आल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक. तुम्ही मागं असताना मी कधी मान वळवली नव्हती. आज वळवली. भाऊजी घोरत होते. तोंडावर टॉवेल, छाती वरखाली. पण पायाच्या अंगठ्यात आणि बोटात चाकापासून मागच्या सुकाणूला जाणारा दोर धरलेला होता, घट्ट, नख पांढरं पडेपर्यंत. मी चाक थोडं जास्त वळवलं तसा तो अंगठा आणखी आवळला.

"भाऊजी, कुनी शिकीवलं हो असं झोपायला?"

टॉवेलाखालून आवाज आला, "आबांनी. तुमी नीट म्होरं बघा, वैनी."

मी पुढं बघितलं. वडाचा शेंडा जवळ येत होता.